दोन आखूड, एक लांब

१२ फेब्रुवारी

भुंग्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच कुठेतरी कोंबलं असतंस. म्हणून पत्ता खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे. आता फोडलंच आहेस तर वाच.

फोन करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो हे तुला माहीत आहे आणि तू मधेच फोन ठेवतोस हे मला माहीत आहे. पत्राचं बरं असतं, चढलेला आवाज खोडता येतो. वर दोन ओळी खोडल्या आहेत त्या उजेडात धरून वाचत बसू नकोस.

आईला अल्झायमर आहे. निदान होऊन दोन वर्षं झाली. तेव्हाच मी लॅब सोडली. म्हणजे राजीनामा दिला, निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. तुला कोणी सांगितलं असेल असं वाटत होतं, पण सांगणार कोण? आपल्या दोघांच्या मध्ये उभं राहणारं बाबांनंतर कोणी उरलंच नाही.

घर तेच आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, मैदानाकडची गॅलरी. गॅलरीला मी जाळी बसवून घेतली. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी, मुख्य दाराला वर, आईचा हात पोहोचणार नाही अशी एक कडी आणि खाली कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात असते. घरी येणाऱ्याला वाटेल बाईंनी फार मौल्यवान काहीतरी आत ठेवलंय. तसं येत कोणी नाही म्हणा.

एक गंमत सांगते. सकाळी केस विंचरायला बसवलं की आई विचारते, "तू कोण गं?"

"ताई," मी म्हणते. तुझ्या जन्मापासून या घरात मला दुसरं काही कोणी म्हटलेलंच नाही. तू झाल्यावर आईही ताईच म्हणायला लागली, मग बाबाही, मग सगळी इमारत.

आई विचार करते आणि म्हणते, "कोणाची ताई?"

पहिल्या वेळी मी कंगवा खाली ठेवला. मग म्हटलं, "भुंग्याची."

"मग बरोबर," म्हणाली आणि डोकं पुढे केलं.

तेव्हापासून रोज तसंच. तुझं नाव घेतल्याशिवाय मला तिच्या केसांना हात लावू देत नाही. बघ, सहा वर्षं तू या घरात पाऊल टाकलं नाहीस आणि मी मात्र रोज तुझ्या ओळखीने आत शिरते.

शिंपीणकाकूंची अधूनमधून कुरकुर असते, आमच्या घरातल्या आवाजाबद्दल. कसला आवाज ते पुढे कधीतरी लिहीन.

तुझ्याकडून काही नको आहे. कळवायला हवं म्हणून कळवलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ताई


६ मार्च

भुंग्या,

उत्तर नाही दिलंस. चालेल म्हटलं होतं, पण ते तसं म्हणायचं असतं, एवढं तुला या वयात कळायला हवं.

तुला हा आजार नीट समजावून सांगते. एकतीस वर्षं तेच काम केलं, त्यामुळे निदान यात तरी माझं ऐक. तू लहानपणी मित्रांना ऐटीत सांगायचास, "माझी ताई मेंदू कापते." त्यांना वाटायचं सुरीने कांद्यासारखे. प्रत्यक्षात मेंदूचा नखाएवढा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा ब्लॉक करायचा आणि यंत्राच्या पात्यावर त्याचे इतके पातळ काप, म्हणजे सेक्शन, काढायचे की एका केसाच्या जाडीत चौदा बसावेत. सेक्शन कोमट पाण्यावर तरंगतो, सुरकुती पडू न देता तो काचेवर उचलायचा. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आमच्याकडे एक नियम होता, आधी नाव, मग काप. काचेवर नाव लिहिल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, कारण दोन माणसांचे तुकडे अदलाबदल झाले तर काचेकडे बघून ते कधीच ओळखू येत नाहीत.

तर मेंदूच्या दोन्ही अंगांना, कानांच्या आतल्या बाजूला करंगळीएवढा वळलेला एक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. दिवसभरात घडलेलं आधी त्याच्याकडे येतं आणि तो ते बाकीच्या मेंदूत ठिकठिकाणी मुरायला पाठवतो. हा आजार बहुधा तिथून आणि त्याच्या शेजारून सुरू होतो. पेशींच्या बाहेर एका प्रथिनाचे गोळे साचतात आणि पेशींच्या आत दुसऱ्या एका प्रथिनाचे गुंते होतात. चांदीच्या क्षारातून काढलं की ते काळेकुट्ट दिसतात. गुंता झालेली पेशी शेजारच्या पेशीशी बोलेनाशी होते, मग मरते. म्हणून आईला सकाळी जेवल्याचं दुपारी आठवत नाही, पण बाबा शाळेतून यायचे ते सायकलच्या आवाजासकट आठवतं. ते आधीच मुरलेलं आहे. तिकडे आजार उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो. मग शब्द जातात, वाटा जातात, चेहरे जातात. हातांच्या सवयी निराळ्या जागी असतात, त्या बऱ्याच टिकतात. आईला माझं नाव येत नाही पण रुमालाची ती घट्ट गाठ अजून डोळे मिटून मारते.

आणि हे सगळं सुरू होतं ते कोणाच्या लक्षात येण्याआधी दहा-पंधरा वर्षं. माणूस हसतं, भांडतं, बाजारात जातं आणि आत गुंते होत असतात.

म्हणजे ते शिट्टीचं जे झालं, तेव्हाही ते होतंच.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. बाबांना शाळेने खेळाचे मास्तर म्हणून बक्षीस दिलेली चांदीची शिट्टी आईला सापडेना आणि तिने तुझं आणि तुझ्या बायकोचं नाव घेतलं, ते तिने नाही, आजाराने घेतलं. या आजारात माणसं वस्तू जपून ठेवतात, ठेवल्याचं विसरतात आणि मग वस्तू जाग्यावर नसण्याचं काहीतरी कारण मन स्वतःच तयार करतं. चोरी हे सगळ्यात सोपं कारण. पुस्तकात पहिल्या दोन पानांत असतं हे. तेव्हा आता सोडून दे. आजारी माणसाचं काय मनाला लावून घ्यायचं?

बाबा त्याच शिट्टीने आपल्याला मैदानातून घरी बोलवायचे, आठवतं? एक लांब म्हणजे मी, दोन आखूड म्हणजे तू. तू दोन वाजल्या तरी यायचा नाहीस. मी माझी एक वाजायच्या आधीच जिन्यात असायचे.

आता मुद्द्याचं. मला एक महिना सुट्टी हवी आहे. डॉक्टरीणबाईंनी आईला तपासून झाल्यावर मलाच तपासलं आणि म्हणाल्या, "पेशंट कोण आहे ते मला आता सांगता येत नाही." मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. मदतीला एक बाई ठेवली होती, आईने तिला चावा घेतला, ती तिसऱ्या दिवशी गेली. संस्था आहेत, पण जी चांगली आहे तिथे जागा नाही आणि जिथे जागा आहे तिथे मी जाऊन आले, तिथे आईला ठेवणार नाही.

माझा दिवस कसा असतो सांगते. आई उठते आणि विचारते, "शाळा सुटली का?" मी सांगते, अजून नाही. तिला आंघोळ घालायची, तर ती ओरडते की परकी बाई कपडे काढते आहे. आंघोळीलाही ती गळ्यातली दोरी काढत नाही. (तिच्याही गळ्यात एक दोरी असते, ते जाऊ दे.) जेवण पुढे ठेवलं की ती माझ्याकडे बघते आणि मी घास उचलला की मग उचलते. मी पेपर घेतला की ती पेपर ओढते. मी संडासात गेले की दार वाजवते, "कोण आहे आत?" मी आत आहे, आई, आतच आहे. "शाळा सुटली का?" अजून नाही. चालत-चालत ती या खोलीतून त्या खोलीत जाते आणि मी मागून. सोळा पावलं जाताना, सोळा येताना. पावलं तिची आहेत, माझी बारा होतात. चपला घालून घराबाहेर मी शेवटची नीट कधी गेले ते सांगू शकणार नाही. औषधवालाही जिन्यात येऊन पुडी देतो.

एक महिना ये. मी हात जोडत नाही, पण तू आलास तर जोडीन.

ताई


२८ मार्च

भुंग्या,

सहा वर्षांनी तुझं कार्ड आलं. त्यावर एक ओळ. "शिट्टी सापडली का?"

आई कशी आहे, नाही. ताई, तू कशी आहेस, नाही. मेंदूबद्दल तीन पानं लिहिली, त्याचं काही नाही. पुलाच्या मोजमापाची कामं करून-करून तुझं डोकंही फूटपट्टी झालंय. तुला फक्त एवढंच हवंय की कोणीतरी तुला लेखी द्यावं, तू चोर नाहीस. मी कधी म्हटलं होतं का तू चोर आहेस म्हणून? तोंडाने एकदा तरी म्हटलं होतं?

नाही सापडली.

बस. मिळालं उत्तर? आता यायचं तर ये, नाहीतर तिकडे पूल मोजत बस. इथे एक म्हातारी दिवसभर विचारते शाळा सुटली का आणि दुसरी म्हातारी दिवसभर सांगते अजून नाही. दुसरी म्हातारी चोपन्नची आहे, पण या घरात ते कोणी मोजत नाही.

ताई


११ एप्रिल

भुंग्या,

आधीचं पत्र फाडून टाक. हे नीट वाच. हे मी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा स्वतःला चांगलं वाटेल असं लिहिलं गेलं, म्हणून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

परवा मी आईचा हात पिरगाळला. आंघोळीच्या वेळी नाही, रागाने. ती दाराचं कुलूप ओढत होती, सकाळपासून ओढतच होती. मी तिला खुर्चीपर्यंत नेलं, ती पुन्हा उठली, मी पुन्हा नेलं आणि मग मनगट धरलं ते सोडलंच नाही. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, लहान मुलं बघतात तसं. सोडलं तेव्हा माझी चार बोटं तिच्या मनगटावर उमटलेली होती. तिची कातडी आता कागदासारखी झाली आहे.

मी गॅस बंद केला, नळ बंद केले, कात्र्या-सुऱ्या कपाटात टाकल्या. तिला खुर्चीत बसवलं, बाहेर आले, कुलूप लावलं आणि जिना उतरले. विचार केला नाही. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, तिथे जाऊन बसले. उन्हं उतरत होती, काही मंडळी फुटबॉल खेळत होती. अंगावर वारा आला आणि मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. आईला कोंडून मी हवा खात बसले होते.

मग शिट्टी वाजली. दोन आखूड.

खेळणारे थांबले. पंच नव्हताच त्यांच्यात, तेव्हा कोणी वाजवली म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. पुन्हा दोन आखूड. मी वर पाहिलं. आपल्या गॅलरीच्या जाळीला कपाळ टेकून आई उभी होती आणि बाबांची शिट्टी वाजवत होती.

होय. बाबांची शिट्टी. तिच्या गळ्यातल्या दोरीला तीच असते. शिंपीणकाकूंची कुरकुर तिच्याबद्दलच आहे. गेलं वर्षभर, उन्हं उतरली की आई जाळीशी जाते आणि वाजवते. का वाजवतेस विचारलं तर म्हणते, "पोरं मैदानात आहेत." त्याआधी तिने ती कधी वाजवल्याचं मला आठवत नाही. पण ऐकलेली होती हजारदा, ते कुठेतरी मुरलेलं.

घरात मी तिच्या शेजारीच असते, तेव्हा ती किती वाजवते याकडे लक्ष नसतं, कान दाबायची घाई असते. परवा पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. दोन आखूड. थांबायची, मैदानावर नजर फिरवायची आणि पुन्हा दोन आखूड. मी पायरीवर बसून राहिले. घरी जायला हवं होतं, उठले नाही. मी माझ्या शिट्टीची वाट बघत होते, भुंग्या. चोपन्न वर्षांची बाई पदर चावत बसून होती, की आता एक लांब वाजेल. वाजली नाही. ती फक्त तुलाच बोलावते. मी गेलेच नाही कुठे, मग मला कशाला बोलावेल?

शेवटी तशीच वर गेले. ती जाळीशीच होती. म्हणाली, "अजून आला नाही बघ."

आता शिट्टीचं.

तू गेलास त्याला दोन महिने झाले असतील. मी बाबांचे कॅनव्हासचे जुने बूट कोणालातरी द्यायला काढले. डाव्या बुटाच्या टोकात, रुमालात गुंडाळलेली शिट्टी होती. रुमालाला आईची ती गाठ. म्हणजे तिनेच ठेवली होती, मास्तरांची शिट्टी मास्तरांच्या बुटात. इतकी साधी जागा की आपण सोडून कोणीही आधी तिथेच बघितलं असतं.

मी तुला कळवलं नाही. आईलाही सांगितलं नाही. ती लॅबमध्ये नेली आणि माझ्या खणात, जुन्या पात्यांच्या डब्याखाली ठेवली. चार वर्षं. शिट्टीचा चोर कोण होता विचारलंस तर मी होते. लॅब सोडली तेव्हा खणातलं सगळं सामान स्लाइडच्या एका लाकडी पेटीत भरून घरी आणलं, ती पेटी आईने गेल्या वर्षी उघडली. शिट्टी गळ्यात घातली आणि मला म्हणाली, "बघ, होती की नाही घरातच?" जणू आपण तिलाच वेड्यात काढत होतो.

का लपवली? एक कारण साधं आहे. तुझी माफी मागावी लागली असती. त्या दिवशी तू तुमच्या दोघांच्या बॅगा फरशीवर उपड्या केल्यास. तुझ्या बायकोने तिची पर्स पुढे केली. आणि मी ती घेतली. मी तोंडाने तुला चोर म्हटलं नाही हे खरं आहे, पण मी पर्सचं अस्तर चाचपून बघितलं. तुम्ही दोघं माझ्या बोटांकडे बघत होतात. ते मला दिसत होतं आणि तरी मी शिवणीपर्यंत चाचपत गेले. तिची माफी मी आधी मागते, मग तुझी.

दुसरं कारण मी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलेलं नाही. शिट्टी तुझ्याकडे नव्हती असं मान्य केलं असतं तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता. मग आईला काय झालंय? तू चोर होतास तोवर आई ठणठणीत होती. मला एकच निवडता येत होतं आणि मी आई ठणठणीत ठेवली.

त्याआधीच दिसायला लागलं होतं, भुंग्या. भाजीच्या दुकानातून घरी येताना ती दोनदा भलत्याच इमारतीत शिरली होती. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारायची. तू मला म्हणालाही होतास, "ताई, आईचं काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, वय झालंय. आणि त्याच आठवड्यात मी लॅबमध्ये असल्याच एका मेंदूचे ब्लॉक कापत होते! ते गोळे आणि गुंते मी अंधारात नुसत्या आकारावरून ओळखले असते. मोठे डॉक्टर मला बोलावून विचारायचे, बाई, तुम्हाला काय वाटतं. पण मी तो आजार नेहमी शेवटून बघितला होता. माझ्याकडे यायचा तेव्हा तो मेणात बसवलेला असायचा, गप्प असायचा, त्याच्यावर नाव लिहिलेलं असायचं. जेवणाच्या टेबलाशी बसून तो माझ्या भावावर आळ घेईल आणि मला म्हणेल "बघ गं तिची पर्स," हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. नाव लिहिलेलं नव्हतं म्हणून मी ओळखला नाही. आणि बूट उघडल्यावर ओळखला, तर नाव लिहिलं नाही. चार वर्षं. वेळेवर दाखवलं असतं तर आई बरी झाली नसती, तसलं औषध नाही. पण ती चार वर्षं तिला तू ओळखू आला असतास. ते मी घेतलं तुझं, शिट्टी नाही.

खरं सांगायचं तर थोडं असंही होतं की आई माझ्या एकटीची झाली होती. मला ते आवडलं होतं. आता पुरेपूर एकटीची आहे.

तू यावंस असं मी आता म्हणत नाही. माझा हक्क राहिलेला नाही. पण मी पुन्हा तिचं मनगट धरीन याची मला भीती वाटते आणि मी धरलं तर बघायला घरात कोणी नाही. हे कोणालातरी माहीत असायला हवं.

शिट्टी पुरावा म्हणून तुला पाठवणार होते. दोरी कापायला कात्री घेतली, आईने शिट्टी मुठीत धरली. ती इथे रोज वाजते. तुझीच वाजते.

ताई


९ जून

भुंग्या,

पोहोचले. लॅबमधली माझी मैत्रीण निवृत्त होऊन इथे राहते, तिच्याकडे उतरले आहे. तळ्याकाठी एक खोली आहे तिची. तिने पाठीला उशी लावून दिली.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी बोलायचं सगळं पाठ करून ठेवलं होतं. तुझं टक्कल बघून ते विसरले. हुबेहूब बाबा झालायस रे, मेल्या. आईलाही तेच वाटलं, बरं झालं. तिला तू ओळखू येणार नाहीस ही भीती मी, तू येतोयस कळल्यापासून, महिनाभर घेऊन बसले होते आणि तिने सरळ तुझा हात धरून सांगितलं, "मास्तर, भुंग्या अजून आला नाही." तू म्हणालास, "येईल हो. मी बघतो." असं उत्तर मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. मी तिला खरं सांगत बसायचे.

तिच्या गळ्यातली शिट्टी तू बोटांवर उचलून बघितलीस आणि परत ठेवलीस. मला वाटलं आता बोलशील. तू म्हणालास, "ताई, तू निघ. गाडी चुकेल." तुझ्या बायकोनेही माझी बॅग जिन्यापर्यंत आणून दिली. मी माफीचं बोलले तर तिने मान डोलावली. तेवढ्याने सुटलं असं मी धरून चालत नाही. घरची किल्ली मी तुझ्या हातात दिली आणि गळा इतका हलका झाला की बस येईपर्यंत हात तिथेच जात राहिला.

दोन-चार गोष्टी सांगायच्या राहिल्या. आंघोळीचं पाणी आधी तिच्या हातावर घाल, मग खांद्यावर, डोक्यावर एकदम नको. घास तिच्या डोळ्यांसमोर तूही खा, नाहीतर खात नाही. कुलूप ओढायला लागली की ओढू दे, थकते. हे मला फार उशिरा कळलं. मनगटावरचे डाग गेलेत, पण तिथे धरलं की दचकते. कोपरापाशी धर.

केस विंचरताना ती तुला काय विचारते ते लिही. तुला मास्तर समजते म्हणजे बहुतेक काहीच विचारणार नाही. नशीबवान आहेस.

इथे आराम आहे म्हणायचा. पहिले दोन दिवस नुसती झोपले. काल मैत्रिणीबरोबर चौकातल्या टपरीवर चहा प्यायला गेले होते. वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवली आणि मी कप खाली ठेवून उभी राहिले. अशी उभी राहिले की मैत्रिणीने विचारलं, "कुठे निघालीस?" एक लांब होती ती. पोलीस एका ट्रकवाल्यावर ओरडत होता.

म्हणून एक काम सांगते. आता तू घरात आहेस आणि मी बाहेर आहे. तुझ्या दोन आखूड ऐकायचं माझ्या वाट्याला आलं, आता उन्हं उतरली की तू जाळीशी तिच्या शेजारी उभा राहा आणि नीट ऐक. तिच्या डोक्यात आता किती पेशी बोलत्या आहेत आणि त्यांतल्या कितींना मी माहीत आहे, ते कोणत्याच काचेवर दिसणार नाही. पण मी घरात नाही एवढं तिला कुठेतरी कळलं, तर एक लांब वाजेल. वाजली तर त्याच दिवशी कळव. महिना पुरा झाला नसला तरी मी येईन.

आणि नाही वाजली, तर माझ्या समाधानासाठी वाजली म्हणून लिहू नकोस. या घरात खोटं लिहायचं काम मी केलं, ते आता पुरे.

भुंग्याची ताई